स्लीव्ह सर्जरीला पाच महिने झाले, वजन १८ किलोच उतरलं. २६ दिवस काटा जागचा हलत नाही, मदत हवी आहे

वाटीभर:

नमस्कार मंडळी. इथे वाचते बऱ्याच वर्षांपासून, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

वय ४३, उंची १५७ सेंमी, राहते साताऱ्यात. पाच महिन्यांपूर्वी पुण्यात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटाचा मोठा भाग कापून काढतात ते ऑपरेशन. त्या दिवशी वजन ११२ होतं. शुगर नाही, थायरॉईड मात्र नऊ वर्षांपासून आहे. पहिल्या महिन्यात ८ किलो गेले, दुसऱ्यात साडेचार, मग ३, मग २ आणि या महिन्यात जेमतेम ९०० ग्रॅम. आज सकाळी ९३.६. गेले २६ दिवस ९३.४ ते ९४.१ एवढंच येणंजाणं चालू आहे.

दिवसातून दोनदा वजन करते. खोटं कशाला बोलू, तीनदा. फरशी सपाट नसेल म्हणून काटा बाथरूममधून उचलून देवघरासमोर ठेवून बघितला. तिथे २०० ग्रॅम कमी भरतं. तेवढाच प्रसाद.

ऑपरेशन झालेल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. माझ्याच आठवड्यात झालेला एक मुलगा ३४ किलोनं उतरलाय आणि जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून फोटो टाकतो. ग्रुप म्यूट केला. शाळेतली स्टाफरूम म्यूट करता येत नाही. परवा कोणीतरी कंदी पेढे आणले, मी नको म्हटलं, तर एक बाई हसत म्हणाल्या, "एवढं पोट कापून घेतलंस, आता एका पेढ्यानं काय होणार आहे? तसाही फरक दिसत नाहीच." मी पण हसले. घरी येऊन दार लावून रडले.

दिवसाचं खाणं लिहिते, म्हणजे अंदाज येईल. सहाला थायरॉईडची गोळी. लगेच अर्धा कप चहा, दोन मारी. विसरायला नको म्हणून सातच्या आत मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमही घेऊन टाकते. नऊला अर्धी वाटी उपमा किंवा पोहे. अकराला ताक. दुपारी डब्यात अर्धी भाकरी, भाजी, थोडी आमटी. पाचला चहा आणि एक खारी. रात्री मऊ भात-वरण, तीन-चार चमचे. अंडं चालतं, मासे-मटण घरात नाही. प्रोटीन पावडरचा डबा आहे, पण वास आला की मळमळतं. जेवताना पाणी पीत नाही, अर्ध्या तासानंतरच पिते. रोज पाऊण तास चालते. केस मात्र मूठ-मूठ जातायत.

आहारतज्ज्ञ मॅडम फोनवर म्हणाल्या, धीर धरा, प्लॅटो आहे, म्हणजे वजन काही दिवस अडून राहतं ते. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात. माझं पोट परत ताणलं गेलंय का? की ऑपरेशनच फसलं? या टप्प्यातून कोणी गेलं असेल तर सांगा.

चिवडा_नाशिक:

ताई, सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या. माझी मेहुणी ६ किलो उतरली.

मटकीउसळ:

चिवडा, मध म्हणजे साखरच की हो. ऑपरेशन झालेल्या माणसाला असले उपाय नका सांगू.

वाटीभरताई, माझं वजनासाठीचंच पोटाचं बायपास होऊन दोन वर्षं झाली. आधी हिशोब करू. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) २५ म्हणजे साधारण ६२ किलो. ११२ मधून ६२ गेले, जादाचे ५० उरले. त्यातले १८ पाच महिन्यांत गेले, म्हणजे ३६ टक्के. स्लीव्हमध्ये वर्ष-दीड वर्षात जादा वजनाच्या ५० ते ७० टक्के उतरलं की डॉक्टर खूश असतात. तुमची चाल धिमी आहे हे खरं, पण फसलं वगैरे काही नाही. पँटवाला मुलगा सुरुवातीला किती होता? दीडशेच्या घरात असेल आणि वय पंचवीस, तर त्याची आणि तुमची शर्यतच नाही.

पोट पाच महिन्यांत ताणून पहिल्यासारखं होत नाही. पाऊण भाग तर कापून बाहेरच काढलेला असतो. तीन-चार चमच्यांत पोट भरतंय ना तुमचं? मग ते त्याचं काम करतंय.

मला खटकलं ते तुमचं ताट. सगळं मऊ, सगळं पिठाचं. तुम्ही लिहिलेल्या दिवसाचं प्रोटीन मी मोजलं, ओढूनताणून २५ ग्रॅम. आपल्याला किमान ६० सांगतात. मारी चहात बुडवली की तोंडातच विरते आणि तशीच खाली सरकते, खारीचंही तेच. पोटात काही थांबतच नाही, म्हणून तासाभरात परत हात डब्याकडे. त्याच जागी पनीरचे चार तुकडे खाऊन बघा. नीट चावून खाल्ले तर दोन तास कोणाशी बोलावंसं वाटणार नाही इतकं पोट बसतं.

ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. आमटी वरची पातळ नको, तळाची दाट घ्या. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. पावडरचा वास नको असेल तर धिरड्याच्या पिठात एक चमचा घालून बघा, मी तशीच खपवली. केसांची काळजी आत्ता नको. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकांचे जातात आणि परत येतात. पण प्रोटीन असंच राहिलं तर लांबतं.

वाटीभर:

मटकीउसळ, खूप आभार. एक कबुली देते. खारी एक नाही, तीन असतात. कधी चार. लिहिताना हात आखडला.

रात्रपाळी:

मी नर्स आहे, डॉक्टर नाही, तेव्हा यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. खारीपेक्षा मला तुमचं सकाळी सहा ते सात जास्त महत्त्वाचं वाटतं.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह तिला अंगात नीट शिरूच देत नाहीत, म्हणून मधे चार तास हवेत. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असू शकतं, डबीवर बघा. तुम्ही तासाभरात सगळं उरकता. हे पाच महिने चाललंय, म्हणजे गोळी रोज पोटात जाते पण लागू किती पडते देव जाणे. वजन अडणं, केस जाणं, दोन्हीला हे एक कारण असू शकतं. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटचं कधी केलं? गोळी कमी पडली की तो आकडा वाढतो. बरोबर व्हिटॅमिन बी१२, डी आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) हेही बघून घ्या. तारखेची वाट न बघता फोन करून विचारा. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नकोत, त्या दोघांत दोन तास ठेवा.

आणि तो काटा आठवड्यातून एकदाच. बाकीचे सहा दिवस कपाटावर.

मटकीउसळ:

रात्रपाळी, सलाम. हे माझ्या नजरेतून साफ सुटलं.

वाटीभर (तीन आठवड्यांनी):

उशीर झाला, परीक्षा चालू होत्या.

टीएसएच ८.६ आलं. ऑपरेशनच्या आधी २.९ होतं. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला नाही. म्हणाले, आधी वेळा सुधारा, सहा आठवड्यांनी परत तपासू, मग ठरवू. आता गोळी साडेपाचला, चहा साडेसहाला, मल्टिव्हिटॅमिन दुपारी जेवणानंतर आणि कॅल्शियम रात्री. मोबाईलमध्ये चार गजर लावलेत. सासूबाई म्हणतात, रेल्वे स्टेशनवर राहिल्यासारखं वाटतंय. पण डब्यातलं पनीर त्याच भाजून देतात आणि खारीचा डबा त्यांनी स्वतःच्या खोलीत नेलाय. तिथे त्या काय करतात ते मी विचारत नाही.

वजन ९२.५. म्हणजे फार काही नाही. पण परवा ब्लाउज आत घ्यायला टाकले, तर टेलर म्हणाला, "मॅडम, आता आत घ्यायला कापडच उरलं नाही, बाहीपासून सगळा नवीनच बेतावा लागेल." पाच महिन्यांत तिसऱ्यांदा गेले होते त्याच्याकडे. तिन्ही वेळा मला मात्र काट्याचंच पडलं होतं.

प्रोटीन कसंबसं ५० पर्यंत पोचतंय. धिरड्यातली पावडर खरंच कळत नाही. आता अडलंय सोयाबीनच्या वड्यांवर. भिजवून, पिळून, दोनदा पाणी बदलून केल्या तरी दुपारी वर्गात पोटात इतका गुडगुड आवाज होतो की पहिल्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघतात. कोणाला सोसल्यात का? किती आणि कशा करता?