पोटमाळ्यावरच्या नव्या लॅपटॉपवर अ‍ॅक्सेसचा प्रोग्राम उघडत नाही

प्रश्न (लालबाग):
नमस्कार. लालबागमधील एका मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्यासाठी मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलांचा आणि साठ्याचा प्रोग्राम केला आहे. डेटाची फाइल दुकानातल्या मुख्य संगणकावर असून फॉर्म आणि रिपोर्टची फाइल, कोडला कोणी हात लावू नये म्हणून एसीसीडीई (कोड न दिसणारी, न बदलता येणारी फाइल) करून, प्रत्येक संगणकावर स्वतंत्र ठेवली आहे. काउंटरवरच्या तीन संगणकांवर मोफत मिळणारा अ‍ॅक्सेस रनटाइम (तयार प्रोग्राम फक्त चालवणारी अ‍ॅक्सेसची आवृत्ती) आहे आणि तेथे वर्षभर काही तक्रार नाही. आता पोटमाळ्यावर बसणाऱ्या हिशेबनिसांसाठी नवा लॅपटॉप आला आहे. त्यावर रनटाइम बसवू लागलो, तेव्हा ६४-बिट ऑफिस आधीच असल्यामुळे ३२-बिट बसवता येणार नाही, असा संदेश आला (३२ आणि ६४-बिट या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या जाती). म्हणून ६४-बिट रनटाइम बसवला, तर प्रोग्राम उघडताना ‘हा डेटाबेस ३२-बिट अ‍ॅक्सेसमध्ये तयार केलेला आहे’ असे सांगून तो बंद होतो. अँटिव्हायरस बंद करून पाहिला, अ‍ॅडमिन म्हणूनही चालवून पाहिले. काय करावे?

उत्तर (विलेपार्ले):
यात अँटिव्हायरसचा काही संबंध नाही. तो कृपया पुन्हा सुरू करावा. एसीसीडीईमध्ये मूळ कोड काढून टाकलेला असतो आणि केवळ संकलित कोड उरतो, त्यामुळे ती फाइल ज्या बिटच्या अ‍ॅक्सेसमध्ये केली त्याच बिटच्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडते. ऑफिस २०१९ पासून मुद्दाम दुसरा पर्याय निवडला नाही तर ६४-बिटच बसते, म्हणून नवीन यंत्रांवर ही अडचण हमखास येते. एकच लॅपटॉप असेल तर त्यावरचे ऑफिस काढून, त्याच परवान्यावर ३२-बिट बसवणे सर्वांत सोपे. पुढे सगळेच संगणक बदलणार असतील, तर मूळ एसीसीडीबी (कोड बदलता येणारी फाइल) ६४-बिट अ‍ॅक्सेसमध्ये उघडून दुसरी एसीसीडीई करावी. मात्र कोडमध्ये विंडोजची फंक्शने ‘डिक्लेअर’ केली असतील, तर त्या प्रत्येक ओळीत ‘पीटीआरसेफ’ (ही ओळ ६४-बिटमध्ये चालेल अशी खूण) लिहावे लागेल आणि हँडल व पॉइंटर, म्हणजे विंडोजच्या वस्तूंची ओळख व मेमरीतले पत्ते ठेवणारी मूल्ये, ‘लाँगपीटीआर’ प्रकारची करावी लागतील. मी स्वतः दोन आवृत्त्या सांभाळण्याच्या विरुद्ध आहे, कारण एके दिवशी चुकीची फाइल चुकीच्या संगणकावर जातेच.

उत्तर (गिरगाव):
वरील उत्तराशी सहमत आहे. फॉर्मची फाइल विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये ठेवू नये, तेथे सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते, त्यामुळे कुलुपाची एलएसीसीडीबी फाइल (डेटाबेस कोण वापरत आहे याची नोंद ठेवणारी) तयार होत नाही. फॉर्मची फाइल वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर अ‍ॅक्सेसच्या विश्वासू ठिकाणांत (ट्रस्टेड लोकेशन्स) नोंदवावा. आणखी एक विनंती: पोटमाळ्यापर्यंत केबल ओढा. वायफाय मध्येच तुटले, तर अ‍ॅक्सेसची डेटाची फाइल बिघडू शकते.

प्रश्नकर्ता:
आपला आभारी आहे. ३२-बिट ऑफिस बसवल्यावर प्रोग्राम उघडला. परंतु ‘महिन्याचा हिशेब’ हे बटण दाबताच, चालू असताना चूक झाल्यामुळे प्रोग्राम थांबवला, असा संदेश येऊन सगळे बंद होते. काउंटरवर तेच बटण चालते.

उत्तर (विलेपार्ले):
कोडमध्ये न हाताळलेली कोणतीही चूक आली की रनटाइम प्रोग्रामच बंद करतो. पूर्ण अ‍ॅक्सेसमध्ये दिसणारी, चूक कोठे झाली ते शोधू देणारी डीबगची खिडकी तेथे नसते. आपल्या संगणकावर मूळ फाइलच्या प्रतीचे एक्स्टेंशन एसीसीडीआर करून पाहावे, म्हणजे ती रनटाइमसारखीच वागेल. त्या बटणाच्या कोडमध्ये ‘ऑन एरर’ (चूक झाली तर काय करायचे ते सांगणारी ओळ) घालून चुकीचा क्रमांक संदेशात दाखवावा.

प्रश्नकर्ता:
क्रमांक ७६ आला, म्हणजे मार्ग सापडला नाही. हिशेबाची फाइल मी ‘डी’ ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये लिहीत होतो आणि या लॅपटॉपला ‘सी’ सोडून दुसरा ड्राइव्हच नाही. आता ती वापरकर्त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जाते आणि हिशेबनिसांनी ऑगस्टचा हिशेब काढलाही. केबलवाला सोमवारी येणार आहे.