कागदावरची रेषा जमिनीला पहिल्यांदा कधी लागली? नागपुरात आर्किटेक्चर शिकलेल्यांसाठी अनुभव धागा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाची भाची, कुणाचा मुलगा. "चित्रकला चांगली आहे, आर्किटेक्चरला टाकायचं का?" मी दरवर्षी तेच सांगते. पाच वर्षं, दहा सेमिस्टर. बारावीला गणित हवं. नाटा ही प्रवेश परीक्षा द्या, नाहीतर जेईईचा दुसरा पेपर. पास झाल्यावर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय नावापुढे आर्किटेक्ट लावता येत नाही, १९७२ चा कायदाच आहे तसा. एवढं ऐकून फोन ठेवतात, आणि जे खरं सांगायचं असतं ते राहूनच जातं.

म्हणून हा धागा. नागपुरात जे शिकले, शिकत आहेत, शिकवतात, त्यांनी मोकळेपणाने लिहावं. कोर्सची माहिती कुठेही मिळते. आपण काढलेली रेषा पहिल्यांदा विटेला, मातीला, उन्हाला कधी भिडली, ते लिहा. तक्रार असेल तर कॉलेजचं नाव तेवढं टाळा.

सुरुवात मी करते. २००४ साली मी तिसऱ्या वर्षाला होते आणि बाबांनी नरेंद्रनगरला घर बांधायला काढलं. पुढच्या खोलीचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारी बाजू, मी काढली. पश्चिमेला सहा फुटी काचेची खिडकी, वर दोन फुटांचा छज्जा. शीटवर फार देखणी दिसत होती. बाबांनी एका शब्दानेही विचारलं नाही, लेक शिकते आहे म्हणून जशीच्या तशी बांधली. पुढच्या मे महिन्यात दुपारी चारनंतर त्या खोलीत आजीला बसवेना. खिडकीच्या ओट्यावर हात टेकवत नव्हता.

सूर्याचे कोन मी परीक्षेत बरोबर काढले होते. नागपूर २१ अंशांवर, कर्कवृत्ताच्या खाली. म्हणून २१ जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, उलट किंचित उत्तरेलाच. डिसेंबरात तो दक्षिणेला ४५ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात पुरतो आणि थंडीत ऊनही आत येऊ देतो. पश्चिमेचं ऊन मात्र आडवं येतं, छज्ज्याच्या खालून सरळ आत. तिथे बाहेरून उभ्या पट्ट्या लागतात, जाळी लागते, नाहीतर झाड. हे सगळं मला येत होतं आणि तरी मी ती खिडकी काढली होती. दुसऱ्या वर्षी बाहेरून विटांची जाळी बांधून घेतली. आजी पुन्हा तिथे बसायला लागली.

१९८३ ची बॅच, आता रायपूर

ताई, तुमच्या खिडकीवरून आमचे ड्रॉइंग बोर्ड आठवले. आमचं कॉलेज तेव्हाचं व्हीआरसीई, आताचं व्हीएनआयटी. टी-स्क्वेअर, रोट्रिंगची पेनं, ट्रेसिंग पेपर. रेष चुकली की अर्ध्या ब्लेडने हळूहळू खरवडायची. एप्रिलच्या सबमिशनला मनगटाखाली रुमाल ठेवावाच लागे. घामाचा एक थेंब पडला की ट्रेसिंगला सुरकुती यायची आणि शाई पसरायची. तीन रात्रींची मेहनत त्या एका थेंबात गेलेली मी पाहिली आहे.

आमच्या सरांनी पहिल्या वर्षी हायकोर्टासमोर नेऊन बसवलं. ती इमारत हेन्री मेड यांची, १९४० ची. ल्युटेन्स आणि बेकर यांच्याबरोबर नवी दिल्लीच्या इमारतींवर काम केलेला माणूस. "अख्खी इमारत काढू नका, एक कोपरा काढा," सर म्हणाले. दिवसभर एक कोपरा काढला तेव्हा दिसलं की दगडाच्या आडव्या पट्ट्या नुसत्या शोभेच्या नसतात. पावसाचं पाणी भिंतीवरून सरळ ओघळू नये म्हणून त्या पुढे आलेल्या असतात.

दीक्षाभूमीचं काम तेव्हा चालू होतं. शिओ दान मल यांचं डिझाइन. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, हा पोकळ. घुमट आतून रिकामा ठेवायचा म्हणजे पायथ्याशी तो बाहेर फाकू पाहतो, तिथली कडी ताणात जाते, माथा मात्र दाबात राहतो. वर्गात हे बाणांनी काढून दाखवलेलं होतं. १८ डिसेंबर २००१ ला उद्घाटन झालं, त्यानंतर मी मुद्दाम आलो, चपला बाहेर काढल्या आणि आत घुमटाच्या मधोमध उभा राहून वर पाहिलं. डोळे भरून आले. ती जागा काय आहे ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. माझ्यासाठी त्यात ते बाणही होते.

गोंदिया जिल्हा, बॅच २०११

मी मराठी माध्यमाची. पहिल्या ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर शीट मांडतात तेव्हा, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या प्लॅनवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, ही जागा कशासाठी? मला उत्तर येत होतं, शब्द येत नव्हते. मी गप्प राहिले. त्यांनी लाल पेनने त्या जागेवर फुली मारली आणि पुढच्या शीटकडे वळले. माझ्या चार महिन्यांच्या कामाला दीड मिनिट मिळालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण तो राग अजून आहे. ज्या मुलांना विचार करता येतो पण इंग्रजीत मांडता येत नाही त्यांना आपली कॉलेजं दरवर्षी अशीच गमावतात, असं मला ठाम वाटतं.

ती जागा म्हणजे सपरी होती. आमच्या गावी प्रत्येक घराला असते. अंगण आणि घर यांच्या मधली. तिथे धान पाखडतात, पाहुण्याला पाणी देतात, पावसात कपडे वाळवतात, म्हातारी माणसं दुपारी लवंडतात. पुढच्या सेमिस्टरला एका मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "शीटवर सपरीच लिही. आणि खाली दिवसभरात तिथे कोण काय करतं ते काढ." मी सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत त्या एकाच जागेची आठ चित्रं काढली. त्या वेळी कुणी फुली मारली नाही.

मानेवाडा, पालक

मी आर्किटेक्ट नाही, मुलगी शिकते. फीशिवायचा खर्च कुणी आधी सांगत नाही, तो सांगतो. लॅपटॉप, प्रिंट, मॉडेलसाठी लागणारा सनबोर्ड, अभ्यास सहली. सबमिशनच्या आठवड्यात प्रिंटच्या दुकानात रात्री दोन वाजेपर्यंत रांग असते. ज्यांना झेपत नाही त्यांनी सीनियरकडून जुना सनबोर्ड आणि कटर मागून घ्यावा, मुलं आनंदाने देतात.

बिल्डिंग टेक्नॉलॉजी शिकवतो

डिझाइनला सगळे जीव टाकतात आणि आमच्या तासाला झोपतात. म्हणून मी पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहीत नाही. प्रत्येकाने आपल्या घराजवळची मूठभर माती आणायची. वाळवून, चाळून तिचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग करायचे. १०० मिलीच्या दोन नळ्या. एकीत पाणी, एकीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं.

गेल्या वर्षी एका मुलाने शेतालगतच्या नव्या लेआउटमधली काळी माती आणली होती. रॉकेलच्या नळीत ती १२ मिलीवर बसली, पाण्याच्या नळीत २१ वर. म्हणजे ७५ टक्के फुगली. तो मुलगा नळीकडे बघत उभाच राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे. पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. बाबा मिस्त्रीलाच दोष देऊन राहिले होते." त्याच आठवड्यात आम्ही सगळे त्याच्या घरी गेलो. भेगेवर काचेची पट्टी चिकटवली, तारीख लिहिली.

काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर घर दरवर्षी वर-खाली होतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (सीबीआरआय) विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, वापरा, ज्यांचा खालचा भाग कांद्यासारखा फुगीर असतो आणि जिथे ओल वर्षभर सारखी असते तिथपर्यंत जातो. नागपूरच्या पश्चिम भागात खाली काळा बेसाल्ट आहे, पूर्वेकडे वेगळे खडक. एकाच शहरात दोन पाये शिकायला मिळतात. हे भाग्य आहे, मुलांनो, तासाला जागे राहा.

महालात मोजमाप केलेली

दुसऱ्या वर्षी आम्हाला महालातला एक वाडा मोजायचा होता. पाच जणी, एक ३० मीटरची टेप, एक ओळंबा. पहिल्या दिवशी सगळ्या भिंती मोजल्या, रात्री काढायला बसलो तर चौक जुळेना. चारही बाजू बरोबर आणि तरी एका कोपऱ्यात नऊ इंचांची फट. दुसऱ्या दिवशी कर्ण मोजले तेव्हा कळलं, चौक काटकोनात नव्हताच. त्या दिवसापासून मी कुठलीही खोली मोजताना आधी कर्ण घेते.

सागवानी खांब सरळ जमिनीत नव्हते, दगडी बैठकीवर उभे होते. ओल आणि वाळवी लाकडाला लागू नये म्हणून. घरच्या आजी चहा घेऊन आल्या आणि आमचं टेप ओढणं बघत बसल्या. म्हणाल्या, "फूट मला नाही सांगता येत बाई. आमचा वाडा सात खणांचा." दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. आम्ही खण मोजले आणि काय सांगू, सगळा प्लॅन उलगडला. जिना एका खणात, देवघर एका खणात, माजघर तीन खणांत. दीड दिवस आम्ही जे मिलिमीटरमध्ये शोधत होतो ते आजींनी एका शब्दात दिलं.

शेवटचं वर्ष, नंदनवन

माझा अनुभव कूलरचा. तिसऱ्या वर्षी हाउसिंगचं डिझाइन होतं. सगळं झालं आणि मॅडमनी विचारलं, "कूलर कुठे?" माझ्या २४ घरांपैकी एकातही जागा नव्हती. नागपुरात! २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश झालं तेव्हा मी शाळेत होते, अख्खं घर एका खोलीत झोपलं होतं.

मग आमच्याच गल्लीत फिरले. प्रत्येक घराने खिडकी कूलरसाठी कायमची बंद केली होती. खाली लोखंडी स्टँड, त्याचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत होती. कूलरची हवा समोरून बाहेर पडली नाही तर खोलीत नुसती दमट कोंडी होते. कूलर कोरड्या हवेवर चालतो, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. जूनअखेर पाऊस आला की त्याचा जोर संपतो. मी प्लॅन पुन्हा काढला. प्रत्येक घराला सावलीच्या बाजूला कूलरचा ओटा, त्याला नळ आणि निचरा, आणि समोरच्या भिंतीत छताखाली झडप. खिडकी मोकळी.

ट्रेनिंग केलं वर्धा रोडला

मे महिना, स्लॅब नुकताच ओतला होता. मी ट्रेनी. नियमाने अशा कोरड्या उन्हात किमान १० दिवस पाणी मारायचं, राखमिश्रित सिमेंट असेल तर १४. चौथ्या दिवशी ही तराई, म्हणजे पाणी मारणं, बंद झाली, टँकर दुसऱ्या साइटला पाठवला. मला कळत होतं. मी बोलले नाही, कारण मी ट्रेनी. सातव्या दिवशी स्लॅबवर केसासारख्या भेगांचं जाळं होतं. तिथे काम करणारी एक रेजा वाकून त्यावर बोट फिरवत म्हणाली, "तहानला आहे हो हा, मॅडम." ते वाक्य मला अजून टोचतं. आता माझ्या प्रत्येक कामावर मी चौथ्या दिवशी दुपारी दोनला स्वतः जाते. स्लॅबवर पाणी साठवायला केलेल्या क्यारीत पाणी आहे का बघते, पोती ओली आहेत का हात लावून बघते.

दुसरं वर्ष, सध्या शिकतोय

सगळं वाचलं. उद्या सकाळी सातला आमच्या ग्रुपला महालात वाडा मोजायला जायचं आहे. टेप आणि ओळंबा बॅगेत टाकला आहे. कर्ण आधी घेतो, खण मोजतो, आणि आल्यावर इथे लिहितो.