दोन मुलांसाठी स्ट्रोलर हवाय, लिफ्टचं दार २६ इंच, सल्ला द्या प्लीज

नमस्कार मंडळी, खूप दिवस शोधतेय पण डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारते. मोठी सव्वादोन वर्षांची, १२ किलो, आणि धाकटा पावणेतीन महिन्यांचा, साडेपाच किलो. आम्ही दादर पश्चिमेला राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. माझी २६ आठवड्यांची रजा दिवाळीनंतर संपते आणि मग ऑफिस. दिवसभर सांभाळायला बाई आहे पण ती साडेचारला जाते, त्यानंतर मी येईपर्यंत दोघं सासूबाईंकडे.

आता मुद्दा असा की आई (सासूबाई) रोज संध्याकाळी मोठीला घेऊन शिवाजी पार्कला जातात. गेलं सव्वा वर्ष एक दिवस चुकवला नाहीये, पावसाचे दिवस सोडले तर. कट्ट्यावर त्यांच्या मैत्रिणी येतात, उद्यान गणेशाला नमस्कार, मग अर्धा तास गप्पा. दिवसभरातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा आणि माझ्या नोकरीपायी तो बंद व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. त्या स्वतः म्हणतात "मी दोघांना नेईन गं, तू बाबागाडी तेवढी चांगली आण". पण त्या ६४ वर्षांच्या आहेत, उजवा गुडघा दुखतो, खाली वाकून काही करायचं असलं की भिंत धरावी लागते. म्हणजे गाडी मला आवडून उपयोग नाही, त्यांना एकटीला झेपली पाहिजे.

अडचण लिफ्टची. आमची लिफ्ट जाळीच्या दरवाज्यांची, दोन्ही हाताने सरकवायचे. काल टेप घेऊन गेले, बाहेरची जाळी पूर्ण सरकवली तरी मोकळी जागा २६ इंच आणि आतली खोली ४० इंच. दोन सीट शेजारी शेजारी असलेल्या गाड्या मी बघितल्या त्या सगळ्या २९ ते ३१ इंच रुंद, म्हणजे विषयच संपला. एकामागे एक सीटवाल्या रुंदीला बसतात पण लांबी चार फुटांच्या आसपास, लिफ्टमध्ये जातच नाहीत. शिवाय वजन १३-१४ किलो, त्यात दोन मुलं, म्हणजे ३० किलोच्या वर ढकलायचं, फुटपाथ चढताना ते कोण उचलणार?

मोठीसाठी घेतलेली छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी आहे घरात, पण तिची चाकं अगदी छोटी. जूनमध्ये गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं आणि गाडी पुढे कलंडली, पट्टा लावलेला होता म्हणून पोर बाहेर पडली नाही. आई त्या दिवशी घरी येऊन नुसत्या बसून राहिल्या, चहासुद्धा घेतला नाही. तेव्हापासून मला चाकांची धास्तीच बसलीये.

अजून एक, डॉक्टरकडे जायला टॅक्सीच लागते, दादरला रिक्षा नाहीत, आणि डिकीत सीएनजीची टाकी असते त्यामुळे मिटलेली गाडी मांडीवर नाहीतर पुढच्या सीटवर. माहेर बोरिवलीला, तिथे दुपारच्या कमी गर्दीच्या स्लो लोकलने जाते.

बजेट १५ हजार, अगदीच चांगली असेल तर थोडं वर. दोन मुलं आणि जुनी लिफ्ट असं कोणी निभावलंय का? काय घेतलंत?

---

माझ्या मुलांत दोन वर्षांचं अंतर, माहीमला राहतो, लिफ्ट तुमच्यासारखीच. डबल गाडीच्या नादी लागू नका. चांगल्या मोठ्या चाकांची एकच सीटवाली गाडी घ्या आणि मागे मोठ्या मुलासाठी चाकांची फळी लावता येते ती घ्या, तिच्यावर पोर उभं राहतं, बहुतेकांची मर्यादा २० किलो असते. लिफ्टमध्ये फळी वर उचलून हुकला अडकवायची. फक्त घेण्याआधी फळी त्या गाडीच्या दांड्यांना बसते का ते दुकानातच लावून बघा, सगळ्या फळ्या सगळ्या गाड्यांना बसत नाहीत. आणि फळी मध्ये आली की ढकलणाऱ्याला पाऊल आखूड टाकावं लागतं, नडगीला लागते, हे आईंना आधी सांगा.

---

फळी ठीक आहे पण सव्वादोन वर्षांचं पोर परत येताना झोपतं हो, उभ्या उभ्या कसं झोपणार? आमची तर गोखले रोड येईपर्यंत डोळे मिटायची. छोटी सीट लावलेली फळी मिळते, ती बघा, तिथे निदान बसता येतं.

मी वेगळं सांगते. तुमचा धाकटा तुम्ही ऑफिसला जाल तेव्हा साडेपाच महिन्यांचा असेल, मान धरलेली असेल. आजची अडचण बघून नका घेऊ, नोव्हेंबर ते पुढचा जून बघून घ्या. मोठी तोवर अडीच वर्षांची, जाताना चालेलच, प्रश्न फक्त परतीचा. आत्ता मात्र बाळाला पूर्ण आडवी होणारी सीटच हवी, बसती चालणार नाही.

बाळाला पोटाशी बांधायची कांगारू बॅग आणि मोठी गाडीत, हे मी केलं आणि मला जमलं, पण मी तेव्हा ३१ वर्षांची होते. दुखऱ्या गुडघ्यावर सहा-सात किलो बांधून चालायला आईंना लावू नका.

---

ताई, ब्रेक बघा ब्रेक! कोणी सांगत नाही हे. काही गाड्यांचा ब्रेक काढताना पायाच्या बोटांनी वर उचलावा लागतो, चप्पल घातलेली असली की अंगठ्याला लागतं, आणि आपल्या आया चपलेतच असतात. वरून दाबून लागतो आणि वरून दाबूनच सुटतो असा घ्या. दुसरं, मिटताना वाकावं लागू नये, एका हाताने मिटून आपोआप उभी राहणारी मिळते. आणि भाजीची पिशवी हँडलला अडकवायची नाही म्हणजे नाही, मूल उतरवलं की गाडी धाडकन मागे पडते. खाली टोपली असते तिच्यात ठेवायची.

पावसात मिटलेली गाडी कोपऱ्यात ठेवाल तर कापडाला बुरशी येईल, सीटचं कव्हर काढून धुता येतंय ना हे विचारा. आणि उन्हात वरून दुपटं टाकून झाकू नका, आत कोंडून गरम होतं.

---

सगळ्यांचे मनापासून आभार, ब्रेकचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आज आईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या ही बाई बरोबर बोलतेय, जुन्या गाडीचा ब्रेक मी हातानेच सोडते. म्हणजे सव्वा वर्ष त्या तो दुखरा गुडघा घेऊन रस्त्यात वाकत होत्या आणि मला कधी बोलल्या नाहीत. वाईट वाटलं खूप.

तर ठरलंय असं की एक सीटवाली, मोठ्या चाकांची, पूर्ण आडवी होणारी, पाच पट्ट्यांची, २४ इंचांच्या आत, आणि मागे सीटवाली फळी. ऑनलाइन मागवणार नाही. गणपती झाले की रविवारी आईंनाच दुकानात नेते, त्यांच्या रोजच्या चपलेत. पाच किलोच्या पिठाच्या दोन पिशव्या घेऊन जाणार, एक सीटमध्ये, एक फळीवर, आणि त्यांनाच ढकलायला, वळवायला, मिटायला लावणार. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे.

एकच राहिलं. मिटलेली गाडी खाली वॉचमनजवळ साखळीने बांधून ठेवायला तुमच्या सोसायटीत परवानगी घेतलीत का, आणि अर्ज कोणाच्या नावाने दिलात? आमच्याकडे जिन्याखाली जागा आहे, तिथे ठेवता आली तर लिफ्टचा प्रश्नच उरत नाही, मग दोन इंच इकडे तिकडे झाले तरी चालेल.