पहिलाच गेमिंग पीसी असेंबल करतोय, पार्ट एकमेकांना चालतील का?

रात्रपाळी_गेमर

नमस्कार मंडळी. आजवर लॅपटॉपवरच खेळलो, आता सुटे पार्ट घेऊन स्वतः असेंबल करायचं ठरवलंय. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी, बोर्ड बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर (तीन फॅनवालं, लांबी ३३६ मिमी), कूलर डबल टॉवरचा, उंची १६५ मिमी. कॅबिनेट छोटंसं आहे, समोरून काच, दिसायला झकास. त्याच्या माहितीत कूलर १६० मिमीपर्यंत आणि कार्ड ३४० मिमीपर्यंत असं दिलंय. रॅम मित्राची, डीडीआर४, १६ जीबीची जोडी. एसएमपीएसही (वीजपुरवठ्याचा डबा) त्याचाच, ५५० वॉटचा मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा. त्याच्या मूळ केबल हरवल्यात, पण दुसऱ्या कंपनीच्या केबल मिळाल्या आणि त्या व्यवस्थित बसतात. मॉनिटर सध्याचाच, १०८०पी, ६० हर्ट्झ. काउंटर-स्ट्राइक २ आणि सायबरपंक २०७७, बाकी फार काही नाही.

जमेल ना?

निवांत

प्रोसेसर एएम५ सॉकेटचा, बोर्डही एएम५ चा, म्हणजे मुख्य काम झालं. कूलरचं ५ मिमीच जास्त होतंय, बाजूची काच जरा उघडी ठेवा. घ्या बिनधास्त!

पेचकस

निवांत, तुमच्या नावाला जागलात.

रात्रपाळी, सगळ्यात आधी त्या केबल उचलून बाजूला ठेवा आणि मित्राला सांगा की त्या कुणालाच देऊ नकोस. मॉड्युलर केबलचं जे टोक बोर्डात, कार्डात किंवा ड्राइव्हमध्ये जातं, त्याच्या पिना ठरलेल्या आहेत. एसएमपीएसच्या बाजूचं टोक मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कुठल्या पिनवर १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनवर ५, हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन सिरीजमध्येसुद्धा ते बदललेलं असतं. प्लग मात्र गुपचूप आत जातो. एसएसडीला ५ व्होल्टच्या जागी १२ मिळाले की ती डेटासकट गेली. पीसीत एरवी चुकीची वस्तू चुकीच्या जागी बसतच नाही, म्हणून ‘बसलं म्हणजे जुळलं’ असं मानायची सवय लागते. नेमकी इथेच ती महागात पडते.

एसएमपीएस नवा घ्या. हिशोबच करायचा तर कार्ड २२० वॉटचं आणि हा प्रोसेसर गेममध्ये साधारण शंभराच्या आत. बोर्ड, फॅन, ड्राइव्ह धरूनही चारशेच्या आसपास. चांगला ५५० खेचेलही. पण एनव्हिडिया स्वतः या कार्डाला ६५० सांगते, आणि वय माहीत नसलेल्या, केबल हरवलेल्या एसएमपीएसवर एवढा महागडा कुटुंबकबिला कोण बसवेल? ७५० वॉटचा, कार्डासाठी १६ पिनांची स्वतःची केबल असलेला बघा. ती केबल शेवटपर्यंत आत ढकलायची, आणि प्लगपासून तीन-साडेतीन सेंटीमीटर तरी सरळ ठेवायची. अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूची काच नेमकी तिथेच तिला दाबते.

रॅम परत करा. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. आत जात नाही म्हणून जोर लावाल तर स्लॉट जाईल. (इंटेलच्या एलजीए१७०० वर दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले, त्यामुळे हा घोळ बऱ्याच जणांचा होतो.) १६-१६ जीबीची जोडी घ्या, ६००० वेगाची, सीएल३० (हा आकडा प्रतिसादाच्या विलंबाचा), एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी एएमडीची सेटिंग) असलेली. चार स्टिक भरू नका. रायझन ७००० वर चार लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो.

आता मिलिमीटर. १६० म्हणजे १६०, काच उघडी ठेवून संसार होत नाही. आणि या चिपला डबल टॉवर हवाच असंही नाही, १५५ च्या आसपासचा साधा सिंगल टॉवर तिला गार ठेवतो. तुमची खरी अडचण कार्डाची आहे. कॅबिनेटवाल्यांचा ३४० हा आकडा पुढे फॅन न लावता मोजलेला असेल, तर फॅनच्या जाडीचे २५ मिमी वजा करा. उरले ३१५, कार्ड ३३६. पुढे फॅन लावायचे नाहीत म्हणाल, तर समोर काच असताना हवा येणार कुठून? मी तरी हे कॅबिनेट घेणार नाही. जाळीवालं घ्या, दिसायला साधं असलं तरी चालेल.

बोर्डाचं एक राहिलं. बी६५० बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरपासून बाजारात आहेत, ७८००एक्स३डी आला एप्रिल २०२३ मध्ये. त्याच सुमारास जास्त व्होल्टेजमुळे काही एक्स३डी चिप जळाल्या आणि एएमडीने बोर्ड कंपन्यांना एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं व्होल्टेज) १.३ ची मर्यादा आणणारं बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, काढायला लावलं. बोर्ड दुकानात पडून राहिलेला असेल तर बायोस जुनं असू शकतं. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड निवडा. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं.

चौकट

पेचकसचं सगळं पटलं, पण मॉनिटरबद्दल कुणीच बोलत नाहीये. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. काउंटर-स्ट्राइकमध्ये तीनशे फ्रेम काढणारा प्रोसेसर घेऊन त्या बघायच्या कुठे? रायझन ५ ७६०० घ्या. सॉकेट तोच, ६५ वॉटचा, कूलर खोक्यातच मिळतो. वाचलेल्या पैशात १४४०पी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर बघा. सायबरपंकला तसंही कार्डच जास्त लागतं.

पेचकस

चौकट, मॉनिटरचं शंभर टक्के बरोबर. प्रोसेसरबद्दल अर्धंच पटतंय. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक्स३डीच्या जास्तीच्या कॅशचा (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) फरक खरंच दिसतो. पण दोन्ही परवडत नसेल तर मीही आधी मॉनिटरच घेईन. एएम५ २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलंय, तेव्हा प्रोसेसर नंतर बदलता येईल.

रात्रपाळी_गेमर

बापरे, एवढ्यात अर्धी यादी गेली. ठीक आहे, ७६००, डीडीआर५, नवा एसएमपीएस, जाळीवालं कॅबिनेट आणि मॉनिटर. केबल मित्राला परत दिल्या, तो विकायला निघाला होता, थांबवलंय. रॅमच्या दोन स्टिक शेजारीशेजारी लावायच्या ना?

पेचकस

नाही. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. पहिल्यांदा चालू केल्यावर बराच वेळ स्क्रीन काळी राहील, डीडीआर५ चं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. कधी कधी काही मिनिटं जातात. घाबरून बटण दाबून बंद करू नका. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वगैरेवर चालत राहते.

मॉनिटरची केबल कार्डात लावायची. ७६०० मध्ये छोटंसं ग्राफिक्स असल्याने बोर्डात लावली तरी चित्र येतं, आणि मग ‘कार्ड खराब निघालं’ म्हणून इथेच नवा धागा निघतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ स्वतः निवडा, बऱ्याचदा ते ६० वरच अडकलेलं असतं.