उल्हासनगरच्या पत्त्यात ‘कॅम्प’ कुठून आला?

प्रश्न : कल्याणजवळच्या उल्हासनगरात रिक्षावाले आजही कॅम्प एक ते पाच अशीच नावे घेतात. यामागचा इतिहास कोणी सांगेल का?

उत्तर १ : दुसऱ्या महायुद्धात येथे लष्करी छावणी होती आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींमध्ये आसरा मिळाला, १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव देण्यात आले. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी येथे बाजारपेठ उभी केली, याचे मला फार अप्रूप वाटते.

उत्तर २ : आमच्या जुन्या रेशनकार्डावर रस्त्याचे नाव नव्हतेच, बराक क्रमांक आणि खोली क्रमांक एवढ्यावर पोस्टमन बरोबर दारात येत असे.

उत्तर ३ : लोकलने येताना आधी कॅम्प विचारून घ्यावा, कारण एक नंबरला शहाड, तर चार नंबरला विठ्ठलवाडी स्थानक जवळ पडते.