टीव्हीचे दर बाजारावर सोडा म्हणणाऱ्या भावाला

मंगळवारपेठकर: काल एका भावानं लिहिलं, 'ट्रायनं, म्हणजे केबल-डिशचे नियम करणाऱ्या सरकारी नियामकानं, टीव्हीच्या दरातनं अंग काढून घ्यावं, बाजार बघून घेईल.' कुठला बाजार? फेब्रुवारी 2019 पासून सुटी चॅनलं घ्यायची मुभा मिळाली, पॅकात, म्हणजे चॅनलच्या गठ्ठ्यात, घालायच्या चॅनलला 19 रुपयांची मर्यादा आली. चॅनल कंपन्यांनी काय केलं? चालत्या चॅनलना थेट 19 लावले आणि पॅक एवढा स्वस्त ठेवला, की सुटं घेणारा खुळा ठरावा. आमच्या आईला दोन मालिका आणि बातम्या लागतात, पैसे मात्र ती कार्टूनचेही भरते. पॅकवरच्या सवलतीवर लगाम हवाच.

शाहूपुरीकर: दर बांधले म्हणूनच हे झालं. नुसत्या जोडणीची महिन्याची फी 130, वर 18 टक्के जीएसटी. 153 रुपये 40 पैसे गेले, पैशाचं एकही चॅनल न घेता! ती मर्यादा ट्रायचीच. पॅकातल्या चॅनलच्या मर्यादेचे 2020 ला 19 चे 12 केले, कोर्टबाजी झाली, 2022 ला परत 19. ओटीटीवर असलं काही नाही, पोरं तिकडंच गेली.

केबलवाला, बावडा: तुम्ही दोघं भांडा, शिव्या आम्ही खातो. फेब्रुवारी 2023 मध्ये चॅनल कंपन्यांनी नव्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले, तेव्हा लोक माझ्या दारात. आणि आपल्या कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमची फुटबॉल मॅच डिशवर दिसते का सांगा.

पीटीएमवाला (पाटाकडील तालीम संघाचा): मॅचचं नाव काढू नका! गोल व्हायच्या वेळीच तुमचं चित्र अडकतं.

केबलवाला, बावडा: वायर तोडून जाणाऱ्या ट्रकवाल्याला विचारा. आणि पावसात डिश मरते, तेव्हा केबलच आठवते.

खंडोबाप्रेमी (खंडोबा तालीम संघाचा): मॅच मैदानात येऊन बघायची असते. घरात बसून पेठेची इज्जत काढू नका.

पीटीएमवाला: आमच्या वडिलांना पायऱ्या चढवत नाहीत. त्यांनी काय करायचं?

राजारामपुरीच्या काकू: फुटबॉल तालमीत मिटवा. शाहूपुरीकर, जुलै 2024 ला फीची ती 130 ची मर्यादाही काढली. आता बाजारच आहे. कुणाचं बिल उतरलं? माझं तर नाही. गरिबाला शेवटी दूरदर्शनची फ्री डिशच, महिन्याची फी नाही.

शाहूपुरीकर: काकू, फ्री डिश सरकारी आहे, ती बाजाराची नाही.

मंगळवारपेठकर: 130 ची फी जास्त होती, एवढं तुमचं मान्य. पण पॅकवरची 45 टक्के सवलतीची मर्यादा काढा म्हणाल, तर आईचं बिल तुमच्या नावावर पाठवतो.