जुनी एमएक्स-५: पेडल कडक, पण गाडी थांबेना

रातकिडा_९१
मंडळी, जरा मदत हवीय. १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनवाली, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. माझ्याकडे यायच्या आधी बरीच वर्षं झाकून उभी होती. इंजिन मस्त, गियर मस्त, पण ब्रेकच्या नावाने बोंब. पेडल स्पंजी नाही, खाली बसत नाही, उलट चांगलं कडक लागतं, पण त्या मानाने गाडी थांबतच नाही, रिकाम्या रस्त्यावर ८० वरून सगळा जोर लावून दाबलं तरी एकही चाक लॉक होत नाही. आणि जोरात दाबलं की गाडी किंचित डावीकडे ओढते. ब्रेक ऑइल नवीन टाकलंय, हवा काढलीय, पॅडला भरपूर जाडी आहे. मित्र म्हणतो या गाडीच्या डिस्कच बारक्या, सरळ चार पिस्टनवालं मोठं किट टाक आणि मोकळा हो. टाकू का, की आधी अजून काही बघू?

तेलकट_हात
किटचं नंतर बघू रे. हजार किलोच्या आतली गाडी आहे, नवीन होती तेव्हा याच डिस्कवर चाकं लॉक होत होती. आता होत नाहीत म्हणजे काहीतरी बिघडलंय, ब्रेक लहान आहेत म्हणून नाही.

पेडल स्पंजी असतं तर हवा किंवा फुगणारे जुने रबरी होज म्हटलं असतं. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं असतं तर मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा भाग) सील गेलेत. पहिल्यांदा खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर आलं असतं तर मागचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) सैल. तुझं यातलं काहीच नाही. कडक पेडल आणि पकड नाही म्हणजे एकतर बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) मदत करत नाहीये, नाहीतर दाब नीट पोचतोय पण पॅड डिस्कला धरत नाहीयेत.

बूस्टर आधी तपास, पाना लागत नाही. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मार, व्हॅक्यूम संपला की ते टणक होईल. आता पाय तसाच दाबून ठेव आणि इंजिन चालू कर. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर लगेच बूस्टर बदलायला धावू नको, आधी इंजिनच्या मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) येणारा व्हॅक्यूम पाइप बघ, जुना पाइप टोकाला चिरतो नाहीतर आतून चिकटून बसतो, शिवाय त्या लाइनमधला एकदिशी व्हॉल्व्ह कुणीतरी उलटा बसवलेला असला तरी हेच होतं. मग दुसरी टेस्ट, चालू इंजिनवर पेडल दाब, इंजिन बंद कर आणि अर्धा मिनिट तसंच धर. पेडल पायाला वर ढकलायला लागलं तर कुठेतरी गळती आहे.

हळूचाल
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण माझी शंका बूस्टरवर कमी आहे, कारण बूस्टर गेला तर चारही चाकांवर सारखाच परिणाम होतो. तुझी गाडी डावीकडे ओढते म्हणजे उजवं पुढचं चाक कामचुकारपणा करतंय. लोक नेहमी ज्या बाजूला ओढते तीच बाजू खोलून बसतात.

उजवा कॅलिपर काढ आणि ज्या पिनांवर तो सरकतो त्या बघ. उभ्या राहिलेल्या गाडीत रबरी बूट फाटून आत पाणी शिरतं, ग्रीस वाळून तपकिरी डिंक होतो आणि पिन हाताने हलतच नाही. कॅलिपर सरकला नाही की पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच काम करतो, बाहेरचा नुसता टेकून असतो. म्हणून दोन्ही पॅडची जाडी वेगवेगळी मोज, चाकाच्या फटीतून दिसणाऱ्या एका पॅडवर जाऊ नको. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लाव, साधं पेट्रोलियम ग्रीस लावलंस तर रबर फुगेल आणि पुन्हा तेच. पिस्टनच्या कडेला गंज असेल तर सील किट टाक, पिस्टनला खड्डे पडले असतील तर पिस्टनही बदल.

त्या बाजूचा होजसुद्धा बघून घे, तो बाहेरून छान दिसतो आणि आतून सुजलेला असतो. जोरात दाबल्यावर ऑइल पुढे जातं पण परत यायला वेळ लागतो, मग पाय काढल्यावरही चाक धरून राहतं. जॅकवर घेऊन ब्रेक मारून सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं. नाही फिरलं तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) जरा सैल कर, थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर होज गेला, तरीही घट्टच राहिलं तर कॅलिपर.

टॉपखोल
एवढी चिकित्सा कशाला? १.८ च्या गाडीची पुढची डिस्क २५५ मिमी आहे आणि १.६ ची २३५, ब्रॅकेटसकट बसते. बसवा आणि उडवा. मी केलंय, फरक चांगलाच जाणवतो.

तेलकट_हात
@टॉपखोल तुमच्या गाडीत जाणवला असेल, नाही म्हणत नाही. पण हिशोब बघा, डिस्कची त्रिज्या १० मिमीने वाढते म्हणजे तेवढ्याच दाबाला दहाएक टक्के जास्त टॉर्क (चाक थांबवणारा पीळ). याची गाडी निम्म्या पकडीवर चाललीय, दहा टक्क्यांनी काय होणार? मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णतेला, घाट उतरताना किंवा ट्रॅकवर. आणि नुसतं पुढे मोठं टाकलं तर पुढची चाकं लवकर लॉक होतात, मागचे ब्रेक फुकट जातात, थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. चार पिस्टनच्या किटमध्ये पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढत असेल तर त्याच मास्टर सिलिंडरवर पेडल लांब जाईल ते वेगळंच.

रातकिडा_९१
खोललं सगळं. बूस्टर पास, पेडल खाली सरकतं आणि बंद इंजिनवर वरही ढकलत नाही. उजव्या पुढच्या कॅलिपरची पिन अक्षरशः हातोडीने बाहेर काढावी लागली. पॅड सगळेच गुळगुळीत, टॉर्च मारली की चमकतात, नखाने ओरखडा उठत नाही, आणि डिस्कवर पॅड जिथे घासतो त्याच्या कडेला गंजाचा कंगोरा. पॅड सँडपेपरने घासून परत टाकू का? आणि नवीन घ्यायचे तर ट्रॅकवाले घेतले तर चांगले ना?

हळूचाल
घासून चार दिवस चालतील, पण इतक्या वर्षांचे पॅड आहेत, मटेरियलच म्हातारं झालंय, फेकून दे. ट्रॅकवाले अजिबात नको. ते गरम झाल्याशिवाय धरतच नाहीत, सकाळी पहिल्या वळणावर आत्ताच्यापेक्षा वाईट ब्रेक मिळतील. रस्त्यावरचे चांगले पॅड घे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तेवढी शिल्लक असेल तर लेथवर हलका हात मारून घे, नाहीतर नवीन जोडी. जुन्या खाचांवर नवीन पॅड टाकले तर ते फक्त उंचवट्यांवर टेकतात.

नंतर नवीन पॅड डिस्कवर मुरवून घ्यायला विसरू नको. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असं दहाएक वेळा. पूर्ण थांबायचं नाही आणि गरम असताना पेडल दाबून उभं राहायचं नाही. मग थंड होईपर्यंत नुसती चालव.

तेलकट_हात
आणि मागचे पॅड बदलताना पिस्टन सी-क्लॅम्पने दाबत बसू नको, या गाडीत तो तसा आत जात नाही. कॅलिपरच्या मागे १४ चा बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमीची ॲलन की बसते. उलटी फिरवली की पिस्टन आत. पॅड टाकल्यावर हँडब्रेकची केबल सैल ठेवून सुलटी फिरव, डिस्कला टेकेपर्यंत, आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे घे. हे न करता नुसती केबल ताणली की पेडल खोल जातं, मग लोक महिनोन्‌महिने हवा काढत बसतात.

टायरचं कुणीच विचारलं नाही. गाडी उभी होती तर टायरही तेव्हाचेच असणार. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ते बघून सांग. कॅलिपर नीट झाले की चाकं लॉक व्हायला लागतील आणि टायर कडक झालेले असतील तर एबीएस नसताना गाडी नुसती घसरत जाईल.

रातकिडा_९१
आत्ताच बघून आलो. शेवटचे दोन आकडे ०९.

टॉपखोल
बापरे. टायर आधी घे बाबा, डिस्क नंतर.